वज्रासुरावर बंदी आणि खाली राहिलेले हात

नगरच्या गेमर मित्रांनो, आपल्या गेममध्ये 'वज्रासुर' घेणारा जिंकतो आणि बाकीचे नुसते मरतात, हे रडगाणं आपण ग्रुपवर रोज गातो.

आज केडगावच्या बैठकीत आपल्या स्पर्धेत या पात्रावर बंदी घालण्यासाठी मतदान झालं. बक्षीस देणारे भाऊ समोरच बसले होते आणि त्यांचा पुतण्या वज्रासुरच खेळतो. त्यामुळे दोनच हात वर झाले, माझा आणि पाथर्डीच्या सोनालीचा.

भाऊ सोनालीकडे बघून हसले. "ताई, हरायची लई भीती वाटती व्हय?"

"हरायची न्हाई, भाऊ. आमाला खेळायलाच मिळत न्हाई."

तुम्ही मोबाईलमध्ये बघत बसलात. बाहेर आल्यावर मात्र तिला म्हणालात, "बरोबर बोललीस."

सोनाली आता स्पर्धेतून नाव मागे घेतेय. तुमची लाज वाटते मला.

उद्या सकाळी नियम पक्के होतील. त्याआधी इथेच, स्वतःच्या नावाने लिहा: वज्रासुरावर बंदी घाला.