लोखंडाचं ठिगळ

जहाजभाऊंनी जन्मात कधी होडीत पाय ठेवला नाही. अंबाझरीच्या तलावात पायांनी चालवायच्या बदकाच्या होड्या असायच्या, त्यांत बसायलाही त्यांनी बायकोला साफ नकार दिला होता. "पान्यावर तरंगाची मले भीती वाटते ताई," असं ते कुणालाही न लाजता सांगत. आणि हेच जहाजभाऊ नागपूरहून दीड दिवस रेल्वेत बसून कोचीला जात, किनाऱ्यावर उभे राहून मालवाहू जहाजांचे फोटो काढत आणि परत येत. समुद्राच्या पाण्यात त्यांनी चप्पलसुद्धा भिजवली नाही.

नागपुरात सदरला माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केलेला, आता मी चालवते. पासपोर्ट, साखरपुडा, लग्न आणि शेवटी हार घालायचा मोठा फोटो, अशा माणसाच्या सगळ्या अवस्था आमच्याकडे उरकल्या जातात. एका दुपारी साठीच्या आसपासचे एक सडपातळ गृहस्थ आत आले. दोन्ही हातांवर भाजल्याचे बारीक पांढरे ठिपके. "ताई, तीनशे मीटरवरचा नंबर वाचता येईन असा कॅमेरा दाखवा." मला वाटलं, जावयाच्या मागावर आहेत. तसं मी विचारलंही. माझ्या जिभेला हाड नाही. ते हसले नाहीत. खिशातून त्यांनी एक कागद काढला. त्यावर चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे होते. "हा डब्याचा नंबर हाय. जहाजावरच्या. मले त्या डब्याचा फोटो पाह्यजे," ते म्हणाले. त्या दिवसापासून आमच्याकडे त्यांचं नाव जहाजभाऊ पडलं.

डबा म्हणजे कंटेनर. नागपूरला समुद्र नाही, पण इकडचा तांदूळ, कापूस, मिरची इथेच डब्यात भरतात आणि रेल्वेने बंदरावर पाठवतात. असे डबे ठेवायच्या एका डेपोत जहाजभाऊ वेल्डर होते. डब्याचा पत्रा कुठे फाटला, गंजला, की तेवढा भाग कापून काढायचा आणि तिथे नवा पत्रा जोडायचा. त्याला ते पॅच म्हणत. मी ठिगळ म्हणायचे आणि ते त्यांना मुळीच आवडायचं नाही. वडील त्यांचे उमरेडला हातमागावर लुगडी विणणारे. बाकीचे वेल्डर चौकोनी तुकडा बसवून मोकळे होत. जहाजभाऊ मात्र चारही कोपरे गोल करून घेत. "कोपरा टोकदार ठेवला का तिथूनच फाटते," ते म्हणत. "मंग कपडा असो का लोखंड."

काम झालं की तपासणी. एकाने रिकाम्या डब्यात शिरायचं, बाहेरून दार लावून घ्यायचं आणि अंधारात उभं राहून बघायचं. कुठून उजेडाचा टिपका आला, तर तिथून पाणीही येणार. नागपूरच्या मे महिन्यात बंद डब्यात कोण शिरणार? सगळे टाळत. जहाजभाऊ आपल्या प्रत्येक पॅचसाठी स्वतः आत जात. "डोळे अंधाराले बसेपर्यंत दम धराचा," ते सांगत. "घाई केली का बारीक छेद दिसत नाही." आमच्या डार्करूममध्ये वडील मला वेगळ्या कारणासाठी हेच सांगायचे. त्यामुळे मी मनातल्या मनात भाऊंना नमस्कार केला. वरून काही दाखवलं नाही.

आणि अशा माणसाच्या डब्यात पाणी निघालं. आत भिवापूरची मिरची होती. परदेशातल्या बंदरात डबा उघडला तेव्हा गोण्या ओल्या आणि मिरचीला बुरशी. ओल्या गोण्या नेमक्या पॅचच्या बाजूच्या, म्हणून सुपरवायझर साहेबांनी लिहून दिलं की वेल्डिंग गळकं होतं. भाऊ परोपरीने सांगत राहिले, की पॅच मी आत उभा राहून पाहिला आहे. मिरची नीट वाळलेली नव्हती. असा माल बंद डब्यात समुद्रावर गेला की पत्र्याला आतून घाम सुटतो. कुणी ऐकलं नाही. कंत्राटी माणूस, दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवला.

त्याहून वाईट म्हणजे भिवापूर ही त्यांची सासुरवाडी, आणि ज्यांची मिरची नासली ते व्यापारी बायकोच्या नात्यातले. पुढे प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी हटकून म्हणायचं, "याईले मठ्ठा वाढाले नका लावू बापा, जावयाच्या हाताले पानी सुटते!" पंगतभर हशा. भाऊंनी भिवापूरला जाणं सोडलं. लकडगंजातल्या एका दुकानात खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट जोडत राहिले, आणि तो नंबर खिशात ठेवून दिला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. "पानी गळून राहिलं असतं, तर माहा पॅच पहिल्याच बंदरात कापून फेकला असता. तो अजून डब्यावर असंन, तर मी खोटा नाही."

"पण भाऊ, इतक्या वर्षांनी हे दाखवायचं कुणाला?" मी विचारलं.

"पहिले मले," ते म्हणाले. "आन् डबा काही जनमभर चालत नाही ताई. दहा-पंधरा वर्सात भंगारात जाते. तो जाच्या आंधी मले पोचाचं हाय."

मी त्यांना एक जुना, दुसऱ्याने वापरलेला, लांबचं जवळ आणणारा कॅमेरा दिला. वर शहाणपणा करून हेही दाखवलं, की डब्याचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला की तो कुठल्या जहाजावर आहे ते कळतं. तिथेच चुकले. दर सोमवारी स्वारी स्टुडिओत हजर. "डबा कुठं हाय आपला?" कधी कोलंबो, कधी दुबई, कधी महिनाभर पत्ताच नाही. सासरी गेलेल्या लेकीची खुशाली विचारावी तसे विचारायचे, आणि चीनमध्ये आहे म्हटलं की काळजीत पडायचे. कोचीचा शोध त्यांचाच. तिथे बंदरात शिरणारी जहाजं फोर्ट कोचीच्या किनाऱ्याला इतकी लगटून जातात, की वरच्या माणसाच्या शर्टाचा रंग ओळखू येतो. डबा तिकडे येणाऱ्या जहाजावर चढला, की भाऊ तिकीट काढायचे.

पहिल्या खेपेला जहाज आलं ते मुसळधार पावसात, त्यामुळे फोटोत नुसता करडा पडदा. दुसऱ्या खेपेला ऊन छान होतं, पण आपला डबा थप्पीत कुठेतरी आत. बाहेरच्या रांगेत दिसलाच नाही. दोन्ही वेळा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, छत्री धरून शेजारी उभ्या होत्या. "माहेराले नेत नाही वं हा मानूस," त्या मला सांगून गेल्या, "कोचीले मात्र दोनदा घेऊन गेला." पण दोन्ही वेळची शिदोरी त्यांनीच पहाटे उठून बांधली होती, हे मला भाऊंकडून कळलं.

रिकाम्या हाताने परतणं मात्र भाऊंच्या स्वभावात नव्हतं. डब्याची वाट पाहता पाहता समोरून जाईल त्या जहाजाचा फोटो काढू लागले, आणि बघता बघता त्याचाच नाद लागला. त्यातही त्यांचे कायदे. काम करणारं जहाजच काढायचं. पांढरंशुभ्र प्रवासी जहाज आलं, अख्खा किनारा मोबाइल घेऊन धावला, की भाऊंचा कॅमेरा खाली. "हे फिराले निघालं. याले काहून काढू?" नौदलाचं दिसलं तर पाठ फिरवायची. जहाज नाकापासून शेपटापर्यंत अख्खं आलं पाहिजे, आणि पाण्याची रेषा दिसलीच पाहिजे, कारण ते भरलेलं की रिकामं हे तिथेच कळतं. गाळ उपसणारं जहाज दिसलं तर खूश. सगळ्यांत लाडका टग, म्हणजे मोठ्या जहाजाला ढकलत धक्क्याला लावणारी ती ठेंगणी, दणकट बोट. "हा पाहा, हमाल," असं भाच्याची ओळख करून दिल्यासारखं सांगायचे. फोटो लावायला त्यांना अल्बम हवा होता आणि माझ्याकडे फक्त लग्नाचे उरले होते. त्यामुळे तेलाची, कोळशाची, डब्यांची ती सगळी जहाजं सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' लिहिलेल्या मखमली अल्बमात आहेत. भाऊंना त्यात काही वावगं वाटलं नाही. पुठ्ठा मजबूत आहे, एवढंच त्यांनी पाहिलं.

तिसऱ्या खेपेच्या वेळी डोळ्यांनी दगा दिला. आयुष्यभर वेल्डिंगच्या उजेडाशी झोंबलेले डोळे ते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी लांबचं नीट दिसेना. आणि डबा तर कोचीच्या वाटेवर. त्यांनी कॅमेरा माझ्या काउंटरवर ठेवला. "ताई, तुम्ही चला." लग्नसराई तोंडावर होती, मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मी जरा चिडूनच नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन आले. वहिनी नुसत्या बाकावर बसून राहिल्या, गिऱ्हाइकं आली तरी उठेनात. चौथ्या दिवशी मी माझं तिकीट काढलं.

कोचीला पहिल्याच संध्याकाळी एक जहाज आलं आणि त्याच्यामागे सूर्य बुडत होता. तीस वर्षं लग्नं काढलेली बाई मी. माझा हात शिवशिवला. सोनेरी पाणी, काळंभोर जहाज, पुढ्यात मासे धरायची चिनी जाळी. असा फोटो माझ्या हातून आजवर आला नव्हता. मोठ्या तोऱ्यात भाऊंना दाखवला. त्यांनी स्क्रीन डोळ्यांना चिकटवली.

"हे काय करून राहिल्या ताई? नंबर कुठं हाय?"

"भाऊ, हा फोटो स्पर्धेत बक्षीस घेईल."

"घेऊ द्या. डबे सारे काळे करून टाकले तुम्ही. सूर्य काय, नागपुरात रोज पाह्यतो मी."

मी जेवणापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. नंतर त्यांनीच समजावून सांगितलं. उन्हाकडे पाठ करायची. पुढून सुरू करायचं आणि मागेपर्यंत जायचं, प्रत्येक फोटोत आधीच्याचा थोडा भाग आलाच पाहिजे. मध्ये थांबून काय आलं ते बघायचं नाही. जहाज कुणासाठी थांबत नसतं. पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्याकडून टगवर सराव करून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आपलं जहाज आलं. वहिनींनी कॅमेऱ्यावर छत्री धरली. मी पुढून सुरुवात केली. निळे, हिरवे, तांबडे डबे, भिंतच्या भिंत सरकत होती. शेवटून चौथ्या थप्पीत, खालून दुसरा, तपकिरी. ती चार अक्षरं मला पाठ झाली होती, आकडेही. फोटो आला का, ते बघायचा मोह झाला. पण थांबले नाही. जहाज निघून गेलं तेव्हा किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांनी माझे पाय घोट्यापर्यंत भिजले होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

भाऊंना तो डबा दिसलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढून नुसते रंग गेले होते. मी फोटो मोठा करून त्यांच्या हातात दिला. डब्याचा पत्रा पोचे पडून, गंजून म्हातारा झाला होता. खालच्या बाजूला हातभर लांबीचा एक गडद तुकडा होता. त्याचे चारही कोपरे गोल.

त्यांनी स्क्रीन पुन्हा डोळ्यांना चिकटवली. वहिनींना धीर निघेना. "काय हाय? बोला ना जी."

"उजवा कोपरा जरासाक वर गेला माहा," भाऊ म्हणाले.

वहिनी तिथेच वाळूत बसून रडायला लागल्या. मीही रडले, का ते विचारू नका.

गेल्या हिवाळ्यात जहाजभाऊ गेले. त्या फोटोची एक प्रत भिवापूरला त्यांच्या साळ्याच्या दुकानात लागली आहे आणि मठ्ठ्याची ती थट्टा आता कुणी करत नाही, असं वहिनी सांगतात. मी अजून लग्नंच काढते. पण आता नवरीच्या आधी आचाऱ्याचा, मांडव बांधणाऱ्याचा, भांडी घासणाऱ्या बायकांचा फोटो काढते, हातांसकट. नवरीकडचे कुरकुरतात. कुरकुरू देत. सोमवारी कॉम्प्युटर उघडला की भाऊंची फार आठवण येते.

पण मला ते जास्त आठवतात ते कोचीहून आल्यानंतरच्या रविवारचे. मोठी प्रत करून घेतली आणि म्हणाले, "आता साहेबाकडं." ज्यांनी त्यांचं वेल्डिंग गळकं लिहिलं, ते सुपरवायझर साहेब. सत्तरीला आलेले, गुडघे गेलेले, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. त्यांच्या सुनेने आम्हाला तीनदा बसा म्हटलं. मी बसले. भाऊ उभेच. त्यांनी आपलं नाव सांगितलं, डेपो सांगितला, मिरची सांगितली.

साहेबांनी चष्म्यातून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "नाही हो, आठवत नाही. खूप लोक होते तेव्हा."

माझं डोकंच फिरलं. या माणसाच्या एका ओळीपायी एकाची नोकरी गेली, सासुरवाडी तुटली, आणि याला आठवतसुद्धा नाही! चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊंनी हात आडवा केला.

"नसंन आठवत, तर राहू द्या साहेब," ते म्हणाले. "तुम्ही फक्त हे पाहून घ्या."

साहेबांनी चष्मा बदलला. फोटो खिडकीकडे धरला आणि त्या ठिगळाच्या कडेने सावकाश बोट फिरवलं. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. म्हाताऱ्याची पाठ हळूहळू ताठ होत गेली.

"किती वर्षं झाली याला?"

"बारा."

"बारा वर्षं समुद्रावर? आणि कडेला कुठे गंज नाही, चीर नाही." त्यांनी मान वर केली. "असं काम आता बघायला मिळत नाही. कोणाच्या हातचं आहे हे?"

"माह्या," जहाजभाऊ म्हणाले, आणि मग खुर्चीवर बसले.