मधूचं एक पान

गेल्या पौर्णिमेला आमच्या विहारात माझ्या भावानं ग्रंथ वाचला. एकच पान... पण त्या पानाला आम्हा दोघांचे तीन महिने लागले, म्हणून सांगते.

आम्ही बदनापूरजवळचे. मधू माझा धाकटा भाऊ, आमच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, वर्षावास म्हणतो आम्ही. चार वर्षं ते वाचन मधूकडंच होतं... आवाज असा की बाया भाकरी टाकायच्या ठेवून यायच्या.

मग तो आजारी पडला. कानात कोणीतरी बोलतं म्हणायचा, भिंतीवर धावून जायचा. औरंगाबादला दवाखान्यात ठेवला. डॉक्टरनं आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. कानातले आवाज कमी झाले, झोप लागायला लागली... पण वाचन गेलं.

पुस्तक उघडायचा, दोन ओळी बघायचा आणि मिटून ठेवायचा. मला वाटलं नजर गेली. जालन्याला नेऊन चष्मा केला, तरी तेच. मग मला वाटलं आळस करतो. मी तोंडाची फटकळ, नाही नाही ते बोलले त्याला... चुकलंच माझं.

पुढच्या खेपेला डॉक्टरलाच धरलं. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, या आजारात ओळ धरून ठेवणंच जड जातं. तेव्हा कुठं मधू बोलला.

"अक्का, सगळ्या ओळी एकदमच बोलतेत. शेवटाला येस्तोवर सुरुवात निघून जाती."

वर्षभर हे पोटात ठेवून माझ्या शिव्या खाल्ल्या त्यानं.

यंदा वर्षावास बसायच्या आधी दगडूबाबा घरी आले. विहाराचं सगळं तेच बघतात. म्हणाले, मधूला आराम पडू द्या, वाचन दुसऱ्याकडं देऊ. मधू उठून आत गेला आणि त्या दिवशी गोळीही घेईना... मला कळलं, हे वाचन कायमचं गेलं तर हा पण हातचा जाईल.

मी म्हटलं, रोजचं द्या कोणालाही, शेवटच्या पौर्णिमेचं एक पान मधूचं ठेवा. नाही जमलं तर मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही.

बाबा म्हणाले, "त्याला शिकवणार कोण? तू? दुसरी पास?"

"पास तर हाये ना," मी म्हटलं.

मी शेतकी फार्मवर खुरपायला जाते. तिथं प्रत्येक बाईला एक पात लावून देतात, म्हणजे वावराचा एक पट्टा. आपल्या पातीतच बघायचं... सगळं वावर बघितलं की हातच चालत नाहीत. मी लग्नाची एक जुनी पत्रिका घेतली, तिच्यात एका ओळीएवढी फट कापली आणि पानावर ठेवली. म्हटलं, ही तुझी पात, बाकीचं वावर दुसऱ्याचं.

हसला... किती महिन्यांनी हसला.

रोज सकाळी बसायचो. गोळीनं गुंगी येते, म्हणून गोळीच्या आधी. कधी दोन ओळी, कधी एकही नाही. एकदा पुस्तक चुलीकडं फेकलं. मी उचलून राख झटकली आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं.

पौर्णिमेला विहार भरला होता. सात ओळी बराबर गेल्या, आठवीला मधू थांबला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, झालं, पुरे आता... दगडूबाबांनी ग्रंथ घ्यायला हात पुढं केला.

खुरपताना एखादीची पात मागं पडली की शेजारीण तिच्या पातीत हात घालते, तिला बरोबरीला आणते. कोणी सांगावं लागत नाही. मी उठले, मधूजवळ जाऊन बसले आणि ती ओळ मीच वाचायला लागले. एकेक अक्षर जोडत, भर सभेत... घाम फुटला. पण ओळ संपवली आणि पत्रिका खाली सरकवली.

पुढची ओळ मधूनं घेतली.

असं तीनदा झालं. तो अडला की मी, मग पुन्हा तो. बाबांनी हात मागं घेतला, तो पान संपेपर्यंत मांडीवरच ठेवला. नंतर ग्रंथ कापडात बांधताना मधूला म्हणाले, "पुढच्या साली दर पौर्णिमेला एक पान तुझं. अक्काला संगं आण."

मधू बरा झालेला नाही. काल तर दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडला होता... आज सकाळी मी उठवलं, चार ओळी झाल्या. उद्या पण उठवणार.

त्या संध्याकाळी विहारात जी माणसं शेवटपर्यंत न खोकता, न हलता बसून राहिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मधूला वेळ पाहिजे होता... तो त्यांनी दिला.