ओढ्यापलीकडचे सापळे

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. मुलीलाही नाही. ऑकलंडमधल्या फ्लॅट बुशच्या आमच्या घरी कुणी पाहुणे आले की नवरा विषय काढतो, 'हिनं एक हिवाळा जनावरं पकडली आहेत, विचारा तिला' — आणि मी रंगून बर्फाच्या गोष्टी सांगते. खऱ्याच असतात त्या. फक्त एक गोष्ट मी दर वेळी गाळते. ती आज सांगते.

२०१३ च्या हिवाळ्यात कंपनीनं मला कालव्याच्या कामासाठी दूर दक्षिणेला, थंड ओटागोत पाठवलं. घरचे ऑकलंडला, मी तिकडे एकटी. शेजारी कॉलीन राहायची. सत्तरी ओलांडलेली, नवरा वारलेला, मुलगी जेनी डनीडन शहरात. कॉलीन पॉसम पकडायची. पॉसम म्हणजे मांजराएवढा, दाट मऊ केसांचा प्राणी. बाहेरून आणलेला आणि इथली झाडं, पक्ष्यांची अंडी फस्त करणारा. त्याच्या केसांचे हातमोजे होतात, फार उबदार.

पहिल्या रविवारी मी कुंपणाशी कुडकुडत उभी होते. ती म्हणाली, "नुसती उभी राहिलीस तर गोठशील. चल माझ्याबरोबर."

गेले. मग रोजच जाऊ लागले, कामाच्या आधी. पीठ, पिठीसाखर आणि दालचिनी कालवून ती खोडाला फासायची. त्या वासानं जनावर येतं. सापळ्याखाली कोरडी पाइनची पानं घालायची, नाहीतर तो जमिनीला गोठून बसतो, मिटतच नाही. मेलेल्या पॉसमचे केस अंग गार व्हायच्या आत उपटायचे — पहिल्यांदा मला उलटी झाली. कॉलीननं पाठ चोळली आणि थर्मासमधला चहा दिला. महिन्याभरात माझे हात तिच्याइतकेच भरभर चालू लागले. विलोच्या झाडांच्या काटक्यांवर हिमाचे काटे, पायाखाली करकर वाजणारं गवत, आणि पुढे चालणारी ती, तोंडातून वाफ सोडत काहीतरी गुणगुणणारी... इतकी सुखी मी या देशात त्याआधी कधी होते का? नव्हते बहुतेक.

तिचा नियम एकच होता. "लावलेला सापळा रोज सकाळी बघायचा. जमणार नसेल तर आधी मिटवायचा, म्हणजे काही अडकणार नाही. आत अडकलेलं जनावर तुझी वाट बघत असतं."

जुलैत, इथल्या ऐन थंडीत, ती तापानं पडली. मोठा बर्फ येणार होता. अंथरुणातूनच म्हणाली, "ओढ्यापलीकडचे सापळे तेवढे मिटवून ये. मग आपल्याला सुट्टी."

मी ओढ्यापर्यंत गेले. वरचा बर्फ काचेसारखा होता. एक पाय ठेवला — खालून तडकल्याचा आवाज आला. मी पाय मागे घेतला. थोडं वर लाकडी पूल होता, वीस-पंचवीस मिनिटांचा वळसा. मला माहीत होता तो पूल. पण बोटं बधिर झाली होती, ऑफिसला उशीर होत होता, आणि — खरं सांगू? — मला कंटाळा आला होता. एवढंच.

परत येऊन म्हटलं, "मिटवले सगळे."

"गुड गर्ल," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

बर्फ पडतच राहिला. उद्या जाऊ, उद्या जाऊ असं मी करत होते. ताप उतरल्यावर कॉलीन मला न सांगता एकटीच ओढ्यापलीकडे गेली. संध्याकाळी मी घरी आले तर ती पायरीवर बसलेली. तिनं सांगितलं, सापळ्यात पॉसमची मादी होती. जिवंत. पाय कुरतडलेला, पाठीवर पिल्लू, तेही जिवंत. दोघांनाही तिनं स्वतः मारलं होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी तीच पुढे बोलली.

"तू तर मिटवले होतेस. म्हणजे मीच तापात उठून गेले आणि परत लावले. आणि मला काही, काहीच आठवत नाही." मग हळूच म्हणाली, "माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं."

माझ्या शब्दावर शंका घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं ना? मी तिचा हात धरला. म्हणाले, "तापात होतं असं कधीकधी."

तिनं सापळे विकून टाकले. मग गाडी चालवणं सोडलं. वसंतात जेनी येऊन तिला डनीडनला घेऊन गेली. निघताना कॉलीननं मला घट्ट मिठी मारली. मी रडले. सगळ्यांना वाटलं, माया.

२०१८ मध्ये जेनीचा फोन आला. आई गेली, झोपेतच. मग ती म्हणाली, "डॉक्टर शेवटपर्यंत सांगत होते, हिची स्मृती उत्तम आहे. तिला कधी पटलंच नाही. किल्ली कुठे ठेवली हेसुद्धा लिहून ठेवायची. त्या हिवाळ्यात तू रोज तिच्याबरोबर होतीस. तुला कधी काही जाणवलं होतं का?"

तेव्हा तर गमावायचं काही उरलंही नव्हतं.

"थोडंसं," मी म्हटलं. "अधूनमधून."

"थँक यू," जेनी म्हणाली. "मला वाटत होतं, ती उगाचच भीत जगली. म्हणजे आईचंच बरोबर होतं."

मी हो म्हणाले.