मागच्या दाराची बाय

माझ्या बाळूला काय झाले आहे, हे बायने मला कधीच विचारले नाही. ज्यांना तो ठाऊक होता त्या बाकी सगळ्यांनी विचारले. वैद्यांनी विचारले, माहेरच्यांनी विचारले, शेजारच्या काकूंनी तर दर चतुर्थीला नव्याने विचारले. "अजून मान धरत नाही? दृष्ट काढलीत का? पोटात असताना ग्रहण नीट पाळलं होतंत ना?" बाय मात्र पळसाच्या पानांचा भारा आमच्या मागच्या दारी टेकवून पहिल्याच दिवशी म्हणाली, "आत पोर हाय ना तुजां? त्याला काय आवडतां?"

हे विचारायला कोणीतरी यावे म्हणून मी किती दिवस थांबले होते, ते मला तेव्हा कळले. मी सांगत सुटले. त्याला वासराच्या गळ्यातली घंटा आवडते, तिच्या आवाजाने तो मान उचलू बघतो. मीठ घातलेली पेज आवडते, गोड अजिबात नको. बायने सगळे ऐकून घेतले. आत पोर आहे हे तुला कसे कळले, असे मी विचारले तेव्हा तिने नुसता खांदा वळवला. तिच्या पाठीवर फडकीत बांधलेला एक मोठा मुलगा होता, मिसरूड फुटायच्या वयाचा. बारीक पाय दोन्हीकडे लोंबत होते. "असाच आवाज माज्या पाठीवर पन हाय," ती म्हणाली. "वळखू येतो." तो बुध्या.

बाय पोशेऱ्याची. बाजाराच्या दिवशी पाने विकायला जव्हारला यायची, पण सरळ वाटेने कधी नाही. कधी जामसरवरून, कधी दाभोशावरून, जिथे म्हणून आमच्यासारखे घर आहे तिथल्या मागच्या दाराला टेकून मग पुढे. मराठी तिची घरची भाषा नव्हती, पण अडत काही नसे. पाने हे निमित्त होते. विकली गेली तर गेली.

आमच्या घरात बाळू मागच्या खोलीत असे. सासूबाई दुष्ट होत्या असे कोणी समजू नये. त्यांचा जीव होता त्याच्यावर. पण माझी थोरली, यमू, लग्नाला आली होती, आणि धाकटा भाऊ असा आहे हे बाहेर फुटले तर मुलगी घरात बसेल ही धास्ती त्यांनी घेतली होती. यजमान संस्थानच्या कचेरीत कारकून. त्यांना घरात काय चालते यापेक्षा कचेरीत काय बोलतील याची काळजी अधिक. म्हणून बाळू पुढच्या दाराने कधी बाहेर गेला नाही, आणि त्याच्यामुळे मीही फारशी गेले नाही. गावात मी 'यमूची आई' होते. बायने मात्र पहिल्या दिवसापासून मला 'बाळूची आय' केले. नाव विचारले तर स्वतःचेही तसेच सांगितले, "बुध्याची आय. दुसरां नाव कशाला पायजे?" आणि 'बाळूची आय' ही हाक ती अशी खणखणीत मारायची की सासूबाई आतून ओरडायच्या, "हळू बोल गं मेले! सगळ्या गावाला दवंडी पिटतेस का?"

सासूबाईंचा आवाज चढला की बुध्या फडकीत खदखदून हसे. अंग हलेपर्यंत हसे. सासूबाई आणखी चिडत. "हसतोय बघा गुलाम!" म्हणत कावळ्यांवर, मांजरावर, माझ्यावर ओरडत सुटत, आणि तो आणखी हसे. बाय शांतपणे सुपारी कातरत बसे.

तिच्याकडे स्वतःची अशी विद्या काही नव्हती आणि तसा तिचा दावाही नव्हता. ती एका आईचे दुसरीला नेऊन द्यायची, इतकेच. बाळूला पेज पाजताना ठसका लागायचा. मी त्याची मान पुढे झुकवून, बोंडल्याने थोडी थोडी पाजायला लागले, तसा ठसका थांबला. बायने ते टक लावून पाहिले. पुढच्या बाजाराला येऊन म्हणाली, "दाभोशाच्या आयला सांगितलां तुजां. तिची पोर पन आता नीट गिळते." त्या दिवशी मी दुपारभर उगीचच गुणगुणत होते. ज्या बाईला मी जन्मात पाहिले नव्हते, तिच्या लेकीच्या घशाखाली माझ्यामुळे घास उतरत होता. आनंद झाला, दुसरा शब्द नाही त्याला.

खड्डाही असाच आला, जामसरच्या सुकरीच्या आईकडून. एक दिवस बायने आमच्या परसात शेवग्याखाली पहार लावली. बाळूच्या छातीइतका खोल खणला, आत पेंढा दाबून बसवला आणि म्हणाली, "आन पोराला." लहान पोर गेले तर त्याला जाळत नाहीत, पुरतात, हे कोणाला सांगायला नको. मी म्हटले, "अगं, पुरतेस का काय त्याला?" ती म्हणाली, "भात कसा उबा ऱ्हतो? बुडाला माती धरते म्हनून. सुकरीची आय आवणीला, भात लावाया जाते तवा पोरीला अशीच बांदावर उबी करते." आम्ही दोघींनी बाळूला आत सोडले. पेंढ्याने त्याला चहूकडून धरले आणि माझा पाच वर्षांचा लेक आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिला. समोर वासरू होते. त्याने ते आडवे पडून कितीदा पाहिले असेल, पण तोंडासमोर तोंड असे कधीच नाही. मी रडायला लागले. बाय म्हणाली, "रड खुशाल. पन हात सोडू नको त्याचा."

त्याच साली मोखाड्याच्या वाटेवर पुलाचे काम चालले होते. पावसाळ्यात एक खांब वाहून गेला. दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू झाले, आणि त्याबरोबर ती कुजबुज. खांब उभा राहायचा तर खाली पोर पुरावे लागते म्हणे. कोणी बोलले, कोणी पाहिले, काही ठिकाण नाही, पण बायकांनी मुले घरात कोंडली. आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आले की पूल घेणार तर असले पोर घेणार ज्याच्यामागे कोणी रडणार नाही. लुळे, मुके, घरच्यांना नकोसे झालेले. आणि मागच्या दारांनी फिरून नेमक्या असल्या मुलांची चौकशी करणारी बाई कोण? पाठीवर एक पोर बांधूनच फिरते ती?

त्यातच काकूंनी कुंपणावरून आमच्या परसात डोकावले. त्यांना दिसले ते जमिनीतून वर आलेले बाळूचे डोके आणि खांदे. काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते, मी तिथल्या तिथे समजावले असते. त्या गुपचूप गेल्या आणि गावभर सांगितले. यजमान भर दुपारी घरी आले, चेहरा पांढराफटक. "तो खड्डा आजच्या आज बुजव. ती बाई पुन्हा दारात दिसता कामा नये. मी गेलो की कचेरीत लोक बोलायचे थांबतात." मी मान खाली घातली. खड्डा मात्र बुजवला नाही. उद्या बाजार होता. पोशेऱ्याहून बाय निघालीही असेल, तिच्या कानावर यातले काही नसेल, आणि तिला निरोप धाडावा तर कोणाबरोबर?

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या अंगाने गलका ऐकू आला. यमू धापा टाकत आली. "आई, बायला धरलंय उंबराखाली. लोकांच्या हातात दगड आहेत. बुध्याला पाठीवरून ओढून खाली टाकलाय."

बाळू खड्ड्यात उभा होता. मी त्याला उचलले, कडेवर घेतले आणि माजघरातून पुढच्या दाराकडे निघाले. सासूबाई उंबऱ्यात आडव्या झाल्या. "यमूचा विचार कर. त्याला घेऊन पुढच्या दारानं गेलीस तर परत झाकता येणार नाही."

"झाकायला तो काय उष्टं ताट आहे?" मी म्हटले. असे मी त्यांना आधी कधी बोलले नव्हते. त्या बाजूला झाल्या. मुद्दाम की दचकून, देव जाणे.

उंबराखाली माणसे दाटली होती. हवालदाराने बायचा दंड धरला होता. तिचे तिकडे लक्षच नव्हते. ती मातीत पडलेल्या बुध्याकडे बघून एकच सांगत होती, "त्याला कुशीवर करा. उताना त्याचा सास अडकतो. कुशीवर करा कोनीतरी." कोणी करत नव्हते. त्याला शिवायलाच लोक घाबरत होते. जवळ बायबरोबर बाजाराला आलेल्या दोन बाया आपापली पोरे छातीशी धरून भेदरून उभ्या होत्या. मी बाळूला एका हाताने सांभाळून खाली बसले आणि बुध्याला कुशीवर केले. पदर कुठे होता कोणास ठाऊक.

"हवालदार," मी म्हटले, "हा माझा मुलगा. खड्डा माझ्या परसात आहे आणि मी तो खणवून घेतलाय. पुरलेलं पोर बघायचं असेल तर या माझ्या घरी."

"म्हणजे खरंच कारकुनांना मुलगा आहे?" मागून कोणीतरी म्हणाले. आणि त्या सगळ्या गोंधळात त्या दोघींपैकी एक बाई माझ्याकडे वाकून बघत म्हणाली, "तू बाळूची आय? पेजेत मीठ घालतेस ती?" ती सुकरीची आई. तिने आपली पोर त्या दुसरीजवळ दिली आणि बुध्याला उचलून खांद्यावर टाकले.

मग ती सगळी वरात आमच्या पुढच्या दाराने आत आली आणि परसात जमली. मी बाळूला खड्ड्यात सोडले. इतकी माणसे त्याने कधी पाहिली नव्हती. भेदरला. गुडघे दुमडले, मान छातीवर पडली, आणि पेंढ्यात तो खरोखरच पुरल्यासारखा दिसायला लागला. काकू म्हणाल्या, "बघा, मी सांगत होते ना?" हवालदाराची बायच्या दंडावरची पकड घट्ट झाली. पुढे सरकणाऱ्या एका माणसाच्या हातात अजून दगड होता. मी "बाळू, बाळू" करत होते आणि तो काही वर बघत नव्हता.

तेवढ्यात घंटा वाजली.

सासूबाई गोठ्यात गेल्या होत्या. वासराच्या गळ्यातली घंटा दोन्ही हातांनी धरून त्या हलवत होत्या, वासरू बिचारे गोंधळून मागे सरत होते. बाळूची मान हलली. हळूहळू वर आली. मग गुडघे सरळ झाले, त्याने कडेची माती मुठीत धरली आणि ताठ उभा राहून त्या घंटेकडे बघून हसला.

सासूबाई घंटा सोडून लोकांकडे वळल्या. "पाहिलंत? माझा नातू आहे तो! पोटभर पाहिलंत ना? आता जोड्यांसकट माझ्या परसात शिरलात त्याचं काय? निघा, मेल्यांनो! निघा म्हणते ना!" आणि सुकरीच्या आईच्या खांद्यावर, मातीने माखलेला बुध्या खदखदून हसायला लागला.

माणसे पांगली. हवालदार मागे रेंगाळला. त्याने बायचा दंड केव्हाच सोडला होता. खड्ड्यात डोकावून, इकडेतिकडे बघून त्याने हलकेच विचारले, "हा किती खोल खणायचा असतो?" बायने दंड चोळत त्याच्याकडे पाहिले. "आदी पोराला आन," ती म्हणाली. "मंग सांगते."

त्यानंतर बाजाराच्या दिवशी जामसर-दाभोशाच्या त्या सगळ्या आया आमच्याच परसात जमू लागल्या, आणि पुढच्या दाराने येऊ लागल्या. बाय तेवढी सवयीने मागूनच यायची. यमूचे लग्न जमायला वेळ लागला. आलेली दोन स्थळे बाळूला पाहून परत गेली, ते दिवस सोपे नव्हते. तिसऱ्याने पाहिले आणि तरी होकार दिला. यजमान पुढे कचेरीतून येताना कधीकधी बाळूसाठी एखादे घुंगरू आणत, ते खड्ड्याच्या कडेला ठेवत.

आणखी एक पावसाळा गेला. त्यात बाय आली नाही. पोशेऱ्याकडच्या वाटा पावसात तुटतात, म्हणून मी मनाची समजूत घालत होते. थंडी पडल्यावर एक दिवस मागचे दार वाजले. बाय होती. फडकी नेहमीसारखीच बांधलेली होती. आत कोणी नव्हते. पाठीला मात्र तोच बाक होता.

तिने भारा टेकवला, बसली, सुपारी काढली आणि कातरायची विसरली. काय झाले, कसे झाले, केव्हा झाले, सगळे प्रश्न माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि तिच्याजवळ बसले.

"बुध्याला काय आवडायचं गं?" मी विचारले.

बायने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तुज्या सासूचां वरडनां. घरी जाताना वाटेत आठवून हसायचा. झोप नाय आली तर मी तशी वरडून दाखवायची."

सासूबाई आत सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांचा हात थांबलेला मला ऐकू आला. मग त्या उठून परसात आल्या, आमच्या दोघींकडे न बघता शेवग्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि एकदम ओरडायला लागल्या, "हाड्! मेल्यांनो, सगळं खाऊन टाका! जरा पाठ वळली की आलेच हे कावळे! हाड् म्हणते ना!" आवाज मध्येच फाटत होता, तरी त्या थांबल्या नाहीत. बायने फडकीचे टोक तोंडावर दाबले. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

परसात त्या दिवशी एकही कावळा नव्हता.