वासाचा भोंगा

आमच्या शेजारचे काका निवृत्तीनंतर गॅलरीत बसून सर्किटं जोडतात. काहीही विचारा, हातातला सोल्डरिंगचा डाग देऊन झाला की म्हणतात, "बगू."

तळोज्याच्या कारखान्यांकडून रसायनांचा वास आला की वाजणारा भोंगा त्यांनी श्रीखंडाच्या डब्यात बसवून जिन्यात लावला. तो रोज संध्याकाळी वाजू लागला. सोसायटीची मीटिंग झाली.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, वासाची आम्हाला सवय झालीय. आवाजाची नाही."

"वास बंद कराला मला जमनार नाय," काका म्हणाले. "आवाज बंद करतो."

भोंग्याच्या जागी त्यांनी लाल दिवा बसवला. आभार कोणीच मानले नाहीत, मीही नाही. काल सेक्रेटरी नातीला घेऊन फिरायला निघाले, दिवा लागलेला पाहिला आणि तिला घेऊन परत वर गेले.