मडगार्डवरचा खळगा

मंडळी, आमचे नेरे गावातले घरमालक आबा यांचा बंद पडलेला छोटा ट्रॅक्टर मी सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करतोय, हे तुम्हाला माहीतच आहे. आज तो सुरू झाला. चेपलेलं मडगार्डही मी ठोकून सरळ केलं, लाल रंग दिला आणि काकींना, म्हणजे आबांच्या बायकोला, दाखवायला बोलावलं.

काकी म्हणाल्या, "हितला खळगा कुटं गेला?"

"काढला की ठोकून."

"आरं, लगीन झाल्यापास्नं रानात जाताना मी हितंच बसायची. माज्या बसण्यानंच पडला व्हता त्यो."

आबा शेजारीच उभे राहून ऐकत होते.

त्यांनी ट्रॅक्टर चालू केला. "चल, बस. पडंल परत."

काकी लाजल्या, पण पदर खोचून चढल्या.

मडगार्डचा रंग अजून ओला होता. तुम्ही त्यांना थांबवलं असतं?