एक दिवस मास्तरांनी नुसते ऐकावे

समस्त गुरुबंधूंना आणि गौरव समितीला नमस्कार. गौरव अंकासाठी लेख पाठवायला महिनाभर उशीर झाला, क्षमा असावी. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेला सुतार. चार वेळा लिहिले, चार वेळा फाडले. त्यात गेल्या आठवड्यात कार्यक्रमपत्रिका हाती आली आणि माझी झोप उडाली. वामनमास्तरांच्या पंचाहत्तरीनिमित्त अकरा शिष्यांचे तबलावादन, आणि खाली छापले आहे, ‘पेटीची साथ : वामनमास्तर’. ज्यांचा सत्कार, त्यांनाच साथीला बसवले!

समितीला तरी दोष कसा द्यावा? आपल्याला सवयच तशी लागली आहे.

मास्तरांची माझी ओळख दुसरी मोठी लढाई संपता संपता झाली. पनवेलीत मी बैलगाडीची चाके करत असे. चाळिशी उलटली होती. तळ्याकाठच्या त्यांच्या वर्गात पेटी शिकायला भीत भीत गेलो. “या वयात जमेल का?” असे विचारले, तर म्हणाले, “लाकूड वाकवून गोल करता ना? बोटं त्याहून मऊ असतात. बसा.”

तेव्हा पेटीला सात जण होते, तबल्याला दोन. पुढे वारे फिरले. गणपतीत तबला रंगला की लोक मंडप डोक्यावर घेत. पेटीकडे कोणी बघत नसे. ओवे गावाहून येणारे आमचे हिराजी एकदा सरळ म्हणाले, “मास्तर, बोटां आमची दुखतान आन टाल्या तबल्याला. मना पेटी नाय जमाची, तबलाच शिकवा.” सगळे हसले. मास्तरही हसले. “बरं, मग मी लेहरा धरतो,” म्हणाले. लेहरा म्हणजे पेटीवरची एकच ओळ, पुन्हा पुन्हा, न ढळता. तिच्या आधाराने तबलजी फिरून समेवर येतो. हिराजींच्या मागोमाग एकेक जण गेला. मीही गेलो. पाच-सहा वर्षांत पेटीला कोणी उरले नाही. मास्तर पेटीचे, आणि वर्गभर तबले! ते कोणाला टोचून म्हणून बोलले नाहीत.

एकदा तासणी निसटून माझ्या डाव्या हाताला लागली. तबला बंद, धंदा बंद. हात जातो की काय, या काळजीने मी खंगलो होतो. मास्तर रोज दुपारी पेटी घेऊन माझ्या कारखान्यात येऊ लागले. “भाता मी मारतो, तुम्ही उजव्या हाताने लेहरा वाजवा. रिकामं डोकं वाईट,” म्हणत. असे तीन महिने. मला लेहरा येतो तो त्यामुळे.

आता एक गोष्ट कबूल करतो. आजवर घरीसुद्धा सांगितली नव्हती. एका गणेशोत्सवात मी तबल्याला बसलो होतो. भर रंगात घाबरलो आणि दोन मात्रा आधीच समेवर येऊन आदळलो. मास्तरांनी क्षणात पेटीची ओळ तोडून माझ्याशी मिळवली. पुढून कोणी ओरडले, “अहो मास्तर, पेटी चुकली!” मास्तरांनी हात जोडून मान हलवली. मला टाळ्या मिळाल्या. घरी जाताना मी रडवेला झालो, तर म्हणाले, “पेटीवाल्याची चूक लोक उद्या विसरतात. तबलजीची विसरत नाहीत.”

म्हणून विनंती करतो, त्या दिवशी साथीला मला बसवा. बोटे जाड झाली आहेत, नवव्या मात्रेला अजून अडखळतात. रोज सकाळी दोन तास बसतो. आमची मंडळी म्हणते, “तीच ओळ ऐकून शेजारचा कोंबडासुद्धा तशीच बांग द्यायला लागलाय.” कार्यक्रमात चुकलो तर, या धास्तीने जेवण जात नाही. तरी बसेन. वीस वर्षे मास्तरांनी शिष्यांचा तबला शेजारी बसून, मात्रा सांभाळत ऐकला. एकदा समोरच्या खुर्चीवर बसून, हात मोकळे ठेवून ऐकू द्या त्यांना.

मास्तरांची नजर, कान आणि गुडघे शाबूत राहोत, आणि शंभरीचा लेखही असाच उशिरा पाठवायची पाळी माझ्यावर येवो.

मात्र त्यांना यातले काही विचारू नका. मला त्रास नको म्हणून ते स्वतःच पेटी पुढे ओढतील. होकार असो की नकार, उलट टपाली मलाच दोन ओळी टाका. पत्रिका नव्याने छापायला दिवस थोडे उरले आहेत, आणि मी रोज टपालवाल्याच्या वाटेवर उभा असतो.